नानकटाई घरचीच, पण मोजून

दिवाळी जवळ आली की आमच्या अंबडमध्येही नानकटाईचे पुडे घरोघरी येऊ लागतात. माझ्या मते नानकटाई घरीच करावी. विकतच्या खाऊत कोणते तूप आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ट्रान्स फॅट रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवते व उपकारक कोलेस्टेरॉल घटवते. वनस्पती तुपातील त्याची मर्यादा २०२२ पासून २ टक्क्यांवर आली, हे स्वागतार्हच. तरीही आपल्या हातचे तूप आपल्याला ठाऊक असते.

कृती सोपी आहे. १०० ग्रॅम साजूक तूप व तितकीच पिठीसाखर फेसून घ्या. त्यात १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक व वेलचीपूड मिसळा. ताटलीत थापून एकूण २० वड्या पाडा. कुकरमध्ये पाण्याऐवजी मीठ पसरा, शिटी व रिंग काढा आणि मंद आचेवर दोन वेळा करून भाजा.

मात्र ‘घरचे आहे, खा हो’ हा आग्रह मला मान्य नाही. एवढ्या ऐवजात सुमारे २००० उष्मांक असतात. म्हणजे एक वडी जवळपास एका पोळीइतकी! चहाबरोबर एक पुरे. मधुमेही पाहुण्याला तर आग्रह नकोच. त्याने पाहुणचार उणा होत नाही.