पन्नास पौंडांचा तनखा

ज्या संशोधकाने आपल्या शोधाचा मक्ता घेतला नाही, त्याच्या निःस्पृहतेची स्तुती करण्यात जगाला एक प्रकारचा सात्त्विक आनंद होत असतो. आणि या आनंदाला काडीचेही मोल पडत नसल्यामुळे तो मनसोक्त उपभोगलाही जातो. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज छायाचित्रकाराच्या वाट्याला अशी स्तुती मुबलक आली, पण ती बहुतेक त्याच्या पश्चात. छायाचित्रणाच्या इतिहासात त्यागमूर्ती म्हणून त्याची स्थापना झालेली आहे. त्या मखरातून त्याला क्षणभर बाहेर काढून त्याच्या जमाखर्चाची वही उघडावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

1813 च्या सुमारास हर्टफर्डशायर परगण्यात एका खाटकाच्या घरी जन्मलेला, बाळपणीच पोरका झालेला आणि लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर एका चांदीच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केलेला हा मुलगा जुन्या नाण्यांवरील मुखाकृती न्याहाळता न्याहाळता शिल्पकलेकडे वळला, आणि समोर बसणाऱ्यांची मुखे नीट अभ्यासता यावीत एवढ्याचसाठी 1847 च्या आसपास कॅमेऱ्याच्या नादी लागला. त्या काळी दोनच मार्ग उपलब्ध होते. फ्रेंच संशोधक डागेरचे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरील चित्र अत्यंत रेखीव, परंतु ते एकच. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्रज संशोधक टॅल्बटच्या कागदी निगेटिव्हवरून वाटेल तितक्या प्रती निघत, पण कागदाचे तंतू चित्रात उतरून सारी आकृती धूसर होई. आर्चरने कागद टाकून काच घेतली आणि तिच्यावर कलोडियनचा लेप दिला. कलोडियन म्हणजे ईथर व मद्यार्क यांत विरघळविलेला स्फोटक कापूस. वैद्य ते जखमेवर त्वचेसारखे पसरवीत असत. ही कृती त्याने 1851 च्या मार्चमध्ये ‘द केमिस्ट’ या मासिकात सविस्तर छापली, आणि तिच्यावर कोणताही हक्क सांगितला नाही.

कृती मोठी खटपटीची होती. स्वच्छ केलेल्या काचेवर आयोडाइड मिसळलेले कलोडियन ओतून, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करून ते सारखे पसरवावयाचे. मग अंधाऱ्या खोलीत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवावयाची. आणि ती ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, धावत परत येऊन ते प्रकट व स्थिर करावयाचे. लेप वाळला की सारा खटाटोप व्यर्थ. म्हणून छायाचित्रकार जेथे जाईल तेथे त्याची अंधारखोलीही जाई. 1855 साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेलेल्या रॉजर फेंटनने तर दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी त्या कामी जुंपली होती. आपल्याकडच्या उन्हात, जेथे ईथर पाहता पाहता उडून जाते, ओली काच सांभाळणाऱ्यांची त्रेधा काय झाली असेल, याची कल्पनाच करावी. तरीही मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी त्या सुरुवातीच्या काळातच या कलेत नाव मिळविले. कारण या साऱ्या कष्टांच्या मोबदल्यात पत्र्याची रेखीवता आणि कागदाची बहुप्रसवता या दोन्ही गोष्टी एकदम हाती येत, आणि चित्र काही सेकंदांत उमटे. सुमारे तीस वर्षे जगाचा छायाचित्रव्यवसाय या ओल्या काचेवर चालला.

आता मक्त्याचा प्रश्न. टॅल्बट हा लेकॉक ॲबीचा धनिक जमीनदार. त्याने 1841 साली आपल्या कृतीची सनद (पेटंट) घेतली होती, आणि कलोडियनही आपल्याच सनदेखाली येते अशी त्याची तक्रार होती. 1854 च्या डिसेंबरात लारोश नावाच्या व्यावसायिकाविरुद्धची त्याची फिर्याद ज्यूरीपुढे फसली, तेव्हा कोठे ओली काच सर्वांना निर्वेध झाली. या हकिकतीत टॅल्बटला खलपुरुष आणि आर्चरला संत ठरविणे फार सोपे आहे. परंतु 1851 मध्ये इंग्लंडात सनद मिळविणे म्हणजे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत सह्या-शिक्क्यांसाठी हेलपाटे घालीत शंभर पौंडांहून अधिक रक्कम मोजणे, आणि स्कॉटलंड व आयर्लंडसाठी ते सारे पुन्हा करणे. गरीब कारागिराची ही परवड डिकन्सने 1850 साली एका लेखात रंगविली होती. 1852 च्या कायद्याने आरंभीची फी 25 पौंडांवर आली. आणि 1855 मध्ये हाच निःस्पृह आर्चर काचेवरील कलोडियनचा पापुद्रा सोडविण्याच्या युक्तीची सनद घेताना आढळतो! यावरून त्याचे औदार्य खोटे होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मात्र ज्याला आपण त्याग म्हणतो त्यात सरकारी दप्तराच्या महागाईचाही वाटा असावा, एवढी शंका घेण्यास जागा आहे.

शोध सर्वांना मोकळा असावा आणि संशोधकही उपाशी राहू नये, याची तोड त्या काळाला अज्ञात नव्हती. फ्रान्सने 1839 साली डागेरला वर्षाला 6000 फ्रँक व त्याचा दिवंगत भागीदार नीप्स याच्या मुलाला 4000 फ्रँक बांधून देऊन ती कृती विकत घेतली आणि जगाला खुली केली. (डागेरने त्याआधी काही दिवस इंग्लंडात गुपचूप सनद घेऊन ठेवली, हा भाग वेगळा.) इंग्रजांना परक्यांचे अनुकरण नको असेल, तर त्यांच्या घरचाच दाखला होता: देवीची लस देणाऱ्या जेन्नरला पार्लमेंटने 1802 मध्ये 10,000 आणि 1807 मध्ये आणखी 20,000 पौंड दिले होते. प्रत्येक हरहुन्नरी माणसाला खजिन्याने पोसावे काय, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या धंद्यावर शेकडो लोकांचे संसार उभे राहिले, त्याच्या जनकाची चौकशी त्याच्या हयातीत करावी हे कोणाच्याच मनात येऊ नये, याला काटकसर म्हणता येत नाही.

1857 च्या मे महिन्यात आर्चर वारला, तेव्हा मागे द्रव्य असे काही नव्हते. व्यावसायिकांनी वर्गणी काढली; ती 700 पौंडांच्या किंचित वर गेली. पुढच्याच वर्षी त्याची पत्नीही निवर्तली, तेव्हा सरकारने तिन्ही अनाथ मुलांना मिळून वर्षाला 50 पौंडांचा तनखा मंजूर केला, आणि मंजुरीच्या कारणांत नमूद केले की बापाच्या शोधाचा राष्ट्राला मोठा लाभ झाला व त्याला स्वतःला जवळजवळ काहीच मिळाले नाही. म्हणजे हिशेब सरकारला पुरता ठाऊक होता. फक्त तो वारसांच्या खात्यावर आणि उशिरा मांडला गेला.

1871 साली रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरने कलोडियनच्या जागी जिलेटिनचा कोरडा लेप सुचविला. ईथरच्या वाफांनी त्याची प्रकृती खालावली होती. त्यानेही कृती नियतकालिकात छापून सर्वांना मोकळी केली, कोरड्या काचांचे कारखाने उभे राहिले, आणि म्हातारपणी मॅडॉक्ससाठीही वर्गणीची यादी फिरवावी लागली.