बर्फात जंतू मरतात का?

उन्हाळ्यात बोईसर-तारापूरच्या नाक्यांवर बर्फाच्या गोळ्याच्या गाड्या लागतात आणि दवाखान्यात जुलाब, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण येऊ लागतात. बर्फ खाऊ नका म्हटले की प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, एवढ्या थंडीत जंतू कसे जगतील?"

याचे उत्तर अवकाश संशोधनात सापडते. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये हैदराबादहून एक मोठा फुगा सोडण्यात आला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने त्याने आणले. त्या उंचीवर कडाक्याची थंडी, विरळ हवा आणि तीव्र अतिनील किरण असतात. तरीही हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांना त्या नमुन्यांत जिवाणू आढळले. त्यांतल्या तीन जाती विज्ञानाला नवीन होत्या. हे जिवाणू परग्रहावरून आले असे मात्र सिद्ध झालेले नाही.

अंटार्क्टिकातही सुमारे ८०० मीटर जाडीच्या बर्फाखालच्या व्हिलन्स सरोवरात जिवंत सूक्ष्मजीव मिळाले. म्हणूनच गुरूचा बर्फाळ चंद्र युरोपा जीवसृष्टीला पोषक असू शकेल का, हे तपासायला 'नासा'चे यान २०२४ मध्ये निघाले आहे.

शास्त्रज्ञांना आशा देणारा हाच चिवटपणा आपल्याला मात्र महागात पडतो. टायफॉइडचे जंतू आणि हिपॅटायटिस 'ए'चा विषाणू बर्फात टिकून राहतात. सरबतात बर्फ विरघळला की ते थेट पोटात जातात. फ्रीजमध्ये बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गर्भवतींना तो विशेष घातक असतो.

आपल्याकडे बर्फ मासळीसाठीही लागतो. सातपाटीसारख्या बंदरात त्याशिवाय धंदा चालणार नाही. पण मासळीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असे नाही. तो ग्लासात जाता कामा नये. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळसर ठेवण्याचा नियम आहे. माझ्या मते ग्राहकांनीच हा प्रश्न विचारायला हवा: "हा बर्फ कोणत्या पाण्याचा?" विचारायला लाज कसली?

घरी उकळून गार केलेल्या पाण्याचाच बर्फ करा. फ्रीजमधले उरलेले अन्न वाफ येईपर्यंत गरम करूनच खा. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. जंतू मारायचे असतील तर भरवसा उकळीवर ठेवा, बर्फावर नको.