राखीव क्षमतेचा कागदी हिशेब

देशात २०२४ मध्ये नैसर्गिक वायूवर चालू शकणारी सुमारे २५ हजार मेगावॉट स्थापित क्षमता होती आणि तिच्यातला मोठा भाग वर्षातले बहुतेक दिवस बंद असे. वायूअभावी अडकून पडलेल्या १४ हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेची नोंद संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने २०१९ मध्येच घेतली होती. मात्र या क्षमतेकडे पाहण्याची दृष्टी अलीकडे बदलली आहे. सूर्य मावळताना सौरवीज ओसरते, त्याच सुमारास मागणी चढते आणि मधली दरी वायुकेंद्रे भरून काढतील, असे नियोजनात गृहीत धरले जाऊ लागले आहे.

गॅस टर्बाइन एकटे चालवले तर इंधनातल्या उष्णतेपैकी ३५ ते ४० टक्केच विजेत उतरते. उरलेली बहुतेक उष्णता सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाच्या धुरावाटे निघून जाते. संयुक्त चक्रात हा धूर बॉयलरकडे वळवून वाफ तयार करतात, त्या वाफेवर दुसरे टर्बाइन फिरते आणि एकूण कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या घरात पोहोचते. पण गॅस टर्बाइन साधारण अर्ध्या तासात भार उचलू शकत असले, तरी बॉयलरचे जाड ड्रम आणि वाफेच्या टर्बाइनचा रोटर थंड असतील तर त्यांना बेताबेताने तापवावे लागते, कारण घाईने तापवलेल्या जाड धातूत असमान ताण निर्माण होतो. त्यात कित्येक तास जातात. म्हणून केवळ संध्याकाळच्या तीन-चार तासांसाठी हे केंद्र हवे असेल, तर एकतर ते दुपारपासून, विजेची गरज नसतानाही, कमी भारावर चालू ठेवावे लागते किंवा जिथे तशी सोय आहे तिथे वाफेचा भाग सोडून द्यावा लागतो. दोन्ही मार्गांनी घटते ती कार्यक्षमता, आणि हे केंद्र उभारण्याचे मुख्य समर्थन तर तीच होती. शिवाय प्रत्येक चालू-बंदीने यंत्राचे आयुष्य झिजते, ते वेगळेच.

याचा दरावर होणारा परिणाम मोजता येतो. दहा लाख ब्रिटिश औष्णिक एकक वायूला १० डॉलर पडत असतील आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर संयुक्त चक्रात एका युनिटमागे केवळ इंधनाचा खर्च सव्वापाच रुपयांच्या आसपास येतो. एकट्या गॅस टर्बाइनवर तो साडेसातच्या पुढे जातो. वायू १५ डॉलरवर गेला की दुसरा आकडा अकरा रुपये ओलांडतो, म्हणजे वीजबाजारातल्या दिवस-आधी व्यवहारांच्या दहा रुपयांच्या कमाल दरात इंधनही सुटत नाही. महाग विजेसाठी बाजारात वेगळा विभाग केला आहे हे खरे, पण आर्थिक ओढग्रस्तीतल्या वितरण कंपन्या तिथे कितपत खरेदी करतील, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. आणि १५ डॉलर ही काही टोकाची कल्पना नव्हे. आशियाच्या तात्काळ बाजारात हाच वायू २०२० मध्ये दोन डॉलरच्या आसपास होता आणि २०२२ मध्ये ५० डॉलरच्याही वर गेला होता.

वायूची ही अनिश्चितता महाराष्ट्राला दाभोळच्या वीज केंद्रामुळे ठाऊक असायला हवी. ते उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीचे करार आणि त्यांभोवतीचे राजकारण यांची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. इंधनाची मात्र तुलनेने कमी. पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन होऊन १,९६७ मेगावॉटचे केंद्र पुन्हा उभे राहिले, ते पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूच्या भरवशावर. त्या खोऱ्याचे उत्पादन अपेक्षेपेक्षा फार लवकर घसरले आणि २०१३ मध्ये केंद्र ठप्प झाले. नंतर आयात वायूवर रेल्वेसाठी काही काळ अंशतः वीज निघाली. शेजारीच द्रवरूप वायूचे टर्मिनल होते, पण लाटारोधक बंधारा अपुरा असल्याने पावसाळ्यात तिथे वर्षानुवर्षे जहाजे लावता येत नव्हती. मालकी बदलली, दर बदलले, करार बदलले; वायूच्या हमीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

२०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ खाली वायुकेंद्रांना मे आणि जून महिन्यांत सज्ज राहण्याचे निर्देश दिले. ३० मे रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली आणि व्यवस्था टिकली. त्यावरून राखीव क्षमता सिद्ध झाली असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल, कारण वायू त्या काळात २०२२ च्या तुलनेत बराच स्वस्त होता. उष्णतेची लाट आणि महाग वायू एकत्र येणे हा निव्वळ योगायोग नसतो: आशियातले अनेक देश एकाच हंगामात तापतात आणि तात्काळ बाजारात त्याच जहाजांसाठी बोली लावतात. ज्या दिवशी राखीव क्षमता लागते, त्या दिवशी तिचे इंधन दुर्मिळ असण्याची शक्यता म्हणूनच सरासरीहून अधिक असते.

त्यात वेळेचे गणित आहे. कतारहून जहाज काही दिवसांत पश्चिम किनाऱ्याला लागते, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून काही आठवडे जातात. उष्णतेच्या लाटेचा नेमका अंदाज त्याहून बराच उशिरा हाती येतो. तेव्हा एप्रिल-मेचा वायू हिवाळ्यातच, गरज पडेल की नाही हे न कळता, बांधून घ्यावा लागेल आणि उन्हाळा सौम्य गेला तर तो वायू तोट्यात विकावा लागेल. हा तोटा वीजग्राहकाने दरातून सोसायचा, उत्पादकाने की सरकारी तिजोरीने, हे ज्या नियामक आदेशात स्पष्ट लिहिलेले नाही, त्यातल्या राखीव मेगावॉटमधून वायूची हमी नसलेले मेगावॉट आधी वजा करावे लागतील.