मनगटावरचा साक्षीदार आणि गुरूची नजर

गोल्फ हा मूठभर साहेबांचा खेळ, ही समजूत आता जुनी झाली आहे. १८२९ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब मानला जातो. म्हणजे हा खेळ आपल्या भूमीत येऊन दोन शतके होत आली. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याच्या उदयन माने यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, तर आदिती अशोक यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. आज चाळिशी-पन्नाशीत हा खेळ हाती घेणारे नोकरदार, व्यावसायिक आणि निवृत्त अधिकारी आपल्या ओळखीत सहज आढळतात. या नवशिक्यांपुढे हल्ली एक प्रश्न उभा राहतो : मनगटावर बांधावयाचा सेन्सर घ्यावा काय? तो घेतल्याने स्विंग खरोखरच सुधारेल काय?

प्रथम या उपकरणाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. हातमोज्यावर, मनगटावर किंवा क्लबच्या मुठीपाशी बसविलेल्या या लहानशा वस्तूत दोन प्रकारचे सूक्ष्म मापक असतात. एक त्वरण, म्हणजे वेगात होणारा बदल मोजतो. दुसरा, म्हणजे जायरोस्कोप, हात कोणत्या दिशेला किती वेगाने वळला हे टिपतो. ही माहिती बिनतारी यंत्रणेने मोबाइलवर पोहोचते आणि क्षणार्धात पडद्यावर आकडे उमटतात : मनगट किती वाकले, क्लब मागे नेण्यास किती वेळ लागला, खाली येण्यास किती. मानवी डोळ्याला हे टिपणे कठीण आहे. खाली येणारा स्विंग साधारणतः पाव सेकंदात संपतो. खेळाडूला आपली चूक उमगेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. अशा वेळी पक्षपात न करणारा साक्षीदार हाताशी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु साक्षीदार आणि शिक्षक यांत अंतर आहे. आपले पासबुक शिल्लक अचूक सांगते. ते वारंवार उघडून पाहिल्याने शिल्लक वाढत नाही. सेन्सरचेही तसेच आहे. काय घडले हे तो सांगतो. ते कसे बदलावे हे शरीराला शिकविण्याचे काम शिल्लकच राहते. एवढेच नव्हे, तर आकड्याकडे सतत पाहण्याची सवय शिकण्याच्या आड येऊ शकते, असे संशोधन सांगते.

१९९० मध्ये कॅरोली विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांनी हालचालींच्या शिक्षणासंबंधी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल कळलेल्या गटापेक्षा साधारण निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल कळलेल्या गटाने पुढच्या चाचणीत ते कौशल्य अधिक चांगले टिकवून दाखविले. याचे कारण समजण्यासारखे आहे. निकाल आयता मिळू लागला की शरीर स्वतःची चाहूल घेणे सोडून देते. कुबडी उत्तम असली तरी ती सदैव काखेत राहिली तर पायात बळ कोठून येणार?

दुसरा प्रयोग तर गोल्फचाच आहे. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिक्यांच्या एका गटास आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले, तर दुसऱ्यास क्लबच्या झुलण्याकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक ठरले. मनगटावरचा सेन्सर मात्र आपले ध्यान नेमके मनगटाकडे खेचतो. उपकरण सदोष नसूनही ते वापरणाऱ्याचे लक्ष चुकीच्या जागी स्थिरावू शकते, ते असे.

मग योग्य शिक्षण कशास म्हणावे? स्विंगमध्ये ज्याला टेम्पो म्हणतात, त्याच्या आधारे याचा विचार करता येईल. अमेरिकेतील जॉन नोव्होसेल यांनी नामवंत खेळाडूंच्या चित्रफितींतील चौकटी मोजून २००४ मध्ये 'टूर टेम्पो' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले, की क्लब मागे नेण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळात तो खाली येतो. कोणाच्या २७ चौकटी आणि ९, कोणाच्या २४ आणि ८, कोणाच्या २१ आणि ७. गती प्रत्येकाची निराळी. तीनास एक हे प्रमाण मात्र तेच. संगीताच्या भाषेत बोलायचे तर लय बदलली तरी आकृतिबंध बदलत नाही.

ही गोष्ट ज्या भूमीने फार पूर्वी ओळखली, ती मराठी माणसाला परकी नाही. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य होते. सरफोजीराजे दुसरे यांच्या दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंनी आज भरतनाट्यम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या शिक्षणाला शिस्तबद्ध रूप दिले, असे मानले जाते. त्याच तंजावर जिल्ह्यात, संगीतरचनाकार पापनाशम शिवन यांच्या नावामुळे सर्वांस परिचित असलेल्या पापनाशम तालुक्यात, मेलट्टूर हे गाव आहे. तेथे नृसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळा ही नृत्यनाट्ये सादर होतात. तमिळ भूमी, मराठी राजवटीचा आश्रय आणि मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांची तेलुगू नाटके, असा हा त्रिवेणी संगम आहे. स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. नोकरी-व्यवसायानिमित्त अन्यत्र राहणारे कलावंत उत्सवासाठी गावी परततात. आठवड्यातून एकदा मैदानावर जाणाऱ्या आपल्या गोल्फपटूप्रमाणे त्यांनाही सरावासाठी वेळ अपुराच मिळतो.

या परिसरातील नृत्यशिक्षणाची रीत पाहण्यासारखी आहे. नृत्याचा मूळ घटक म्हणजे अडवू. तो प्रथम संथ गतीत शिकवितात, नंतर दुप्पट आणि मग चौपट गतीत. गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देतात. तो ठोका विद्यार्थ्याच्या हालचालीबरोबरच पडतो; हालचाल संपल्यावर येणारा तो निकाल नव्हे. डोळे पडद्याकडे वळवावे लागत नाहीत. कान ऐकतात आणि पाऊल उमटते. रंगमंचावर काठीची जागा झांज घेते. तोवर ताल विद्यार्थ्याच्या अंगात मुरलेला असतो. शिवाय गुरूची नजर एका सांध्यावर खिळलेली नसते. खांदा का उचलला गेला, याचे उत्तर पावलात असू शकते, हे त्या नजरेस ठाऊक असते. मनगटावरचा सेन्सर मनगटापलीकडे फारसे पाहू शकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. असा गुरू प्रत्येकास कोठे लाभतो? प्रशिक्षकाचे शुल्क सर्वांना परवडत नाही आणि डोळाही कधीकधी फसतो. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच सेन्सर नको, असे माझे म्हणणे नाही. परंतु दिल्लीत कॅडी म्हणून खेळाडूंच्या पिशव्या वाहत खेळ शिकलेले अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू ठरले, हेही आपण विसरू नये. पाहण्याची आणि पाहिलेले अंगी उतरविण्याची शक्ती हे त्यांचे भांडवल होते. ते भांडवल आपल्यापाशीही आहे. उपकरण विकत घेतल्याने ते आटू नये, इतकीच माझी कळकळ आहे.

तेव्हा सेन्सर घ्यावयाचाच असेल तर काही पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच आकडा सुधारण्यास घ्यावा. टेम्पोपासून आरंभ करणे उत्तम. दहा स्विंग मोबाइल खिशात ठेवून करावेत आणि मगच पडद्याकडे पाहावे. पाहण्यापूर्वी आपला अंदाज मनाशी बांधावा. अंदाज आणि आकडा जवळ येऊ लागले, की शरीर शिकू लागले असे समजावे. महिन्यातून एकदा तरी जाणत्या व्यक्तीस आपला संपूर्ण स्विंग दाखवावा. खरेदीपूर्वी उपकरणाच्या किमतीबरोबर मोबाइल सेवेची वार्षिक वर्गणी आहे काय, ती आपल्या खात्यातून आपोआप वळती होणार काय आणि सेवा बंद पडल्यास उपकरण चालेल काय, हे विचारून घ्यावे. हौसेच्या खर्चालाही हिशेब असावा, हे आपल्या वाचकांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अखेर स्पर्धेच्या दिवशी अथवा मित्रांसमवेतच्या साध्या फेरीतही चेंडूसमोर आपण एकटेच उभे असतो. त्या पाव सेकंदात पडद्याकडे पाहण्यास सवड नसते. तेव्हा कामी येतो तो अंगात मुरलेला ताल. सेन्सरने तो मुरविण्यास साहाय्य केले, तर त्याची किंमत वसूल झाली असे खुशाल म्हणावे.