उसाचा उतारा घटला तर दर जातो, हेम्पचा चढला तर गुन्हा!

निपाणी-चिकोडी भागात 'उतारा' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी ठरवली. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. युरिया उशिरा आणि जास्त पडला की ऊस फोफावतो, साखर मात्र घटते. आपल्या शेतकऱ्याने हे पैसे मोजून शिकलेलं आहे.

हल्ली मोबाईलवर 'एकरी लाखो' सांगणारे हेम्पशेतीचे व्हिडिओ फिरतायत. खतांच्या दुकानातही चौकशी होते. त्यांनी आधी उताऱ्याचं हे गणित उलटं करून बघावं.

हेम्प हे गांजाचंच झाड, फक्त नशा आणणारा टीएचसी हा घटक त्यात कमी. उत्तराखंडने 2018 मध्ये परवाने सुरू केले ते टीएचसी 0.3 टक्क्याच्या आत राहील या अटीवर. हिमाचलने जानेवारी 2025 मध्ये पालमपूर आणि नौणी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. शेजारच्या गोव्यात 2020 च्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्यातून पुढे गेला, गदारोळ झाला आणि विषय तिथंच थांबला.

व्हिडिओवाले पैसा दाखवतात तो सीबीडी या औषधी घटकाच्या अर्काचा. इथंच खत आडवं येतं. इस्रायलमधल्या संशोधकांनी औषधी गांजाला पाण्यातून दिलेलं नत्र लिटरला 30 मिलिग्रॅमवरून 320 पर्यंत वाढवलं, तेव्हा फुलांतलं टीएचसी आणि सीबीडी, दोन्हींचं प्रमाण 60 टक्क्यांहून जास्त घसरलं. म्हणजे नत्र जास्त झालं की उसासारखाच प्रकार, पाला भरपूर आणि अर्क पातळ. पण नत्र आवळून सीबीडी वाढवायला जावं, तर टीएचसीही सोबतच चढतं. दोघांचं आपसातलं प्रमाण ठरवतं बियाणं, खत नव्हे. समजा बियाण्यात ते वीसास एक आहे. मग सीबीडी 6 टक्के झालं की टीएचसी 0.3 वर पोचलं. 8 टक्क्यांना 0.4, म्हणजे हद्दीच्या बाहेर. जास्त पिकवणं हाच तोटा, असा धंदा आम्ही कॉमर्सच्या पुस्तकात तरी वाचला नव्हता.

अर्क काढताना आणखी एक भानगड. दहा किलो सुक्या मालातून एक किलो कच्चा अर्क निघाला, तर मालात 0.3 टक्के असलेलं टीएचसी अर्कात जवळपास 3 टक्के होतं. जमिनीतले जड धातूही हे झाड ओढून घेतं. काही फॉस्फेट खतांतून कॅडमियम येतं, तेही अर्कात उतरू शकतं. बियांचं तसं नाही. बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये खाद्य म्हणून मान्यता दिली. पण व्हिडिओत बियांचा दर कुणी सांगत नाही.

उसाचा उतारा पडला तर बिल कमी येतं, शेतकरी कारखान्यावर मोर्चा काढतो. इथं 1985 चा एनडीपीएस कायदा आहे. विनापरवाना लागवडीला कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बियाणं विकणारा, अर्क घेणारा 'करार' दाखवतात. त्यात टीएचसीची तपासणी कोण करणार, खर्च कुणाचा आणि पीक हद्दीबाहेर गेलं तर भरपाई कोण देणार, ही तीन कलमं आहेत का, ते सही करण्याआधी वाचा. सातबारा असो की आरटीसी, पोलीस नाव वाचतील ते जमीनमालकाचं.