मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?

एका भगिनीचे पत्र पुढ्यात आहे. यजमानांना क्षय झाला, तेव्हा रक्त तपासले आणि एचआयव्ही निघाला. सासूबाईंनी त्यांची ताटवाटी वेगळी केली. बाई विचारतात, "मला ताप नाही, वजनही उतरलेलं नाही. मग मी कशाला तपासू? आणि क्षयाचा नि एड्सचा संबंध काय?"

बाई, आधी ती ताटवाटी पुन्हा फळीवर ठेवा. एचआयव्ही उष्ट्याने, कपड्याने की डासाने लागत नाही. तो शरीरसंबंधातून, रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला जातो. (क्षयाचे वेगळे. खोकताना तोंडाला रुमाल, खोलीची खिडकी उघडी, आणि घरातल्या सर्वांची तपासणी हवी.)

आता तुमचा प्रश्न. कार्यघरात आचारी असतात, वाढपी असतात, पण कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून हुकूम सोडणारी एक मोठी जाऊ लागतेच. तीच आडवी झाली की माणसे असूनही पंगत खोळंबते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत अशी हुकूम सोडणारी एक जात आहे, सीडी ४. एचआयव्ही नेमका तिच्यात शिरतो, तिच्याच जिवावर आपली पिलावळ वाढवतो आणि तिला संपवतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. औषध नसेल तर त्या हळूहळू घटतात, बहुधा आठ-दहा वर्षे. आणि त्यातली कितीतरी वर्षे माणूस अगदी तुमच्यासारखा हिंडता-फिरता असतो! २०० च्या खाली गेल्या, किंवा काही ठराविक आजारांनी गाठले, की त्याला एड्स म्हणायचे. क्षयाचे जंतू आपल्याकडे कितीतरी जणांच्या अंगात निजलेले असतात. राखण ढिली पडली की ते उठतात.

तेव्हा "मला काही होत नाही" हे कारण चालायचे नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याने निकाल गुप्त ठेवावा लागतो. पहिला निकाल चांगला आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. दोष निघालाच, तर औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. पेशी घटायची वाट पाहायची नाही. गोळी रोज, न चुकता. विषाणू मुळापासून जात नाही, पण दबतो आणि पेशी पुन्हा वाढतात. यजमानांचा विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तुम्हाला लागणार नाही. तोवर निरोध हवाच.

जाताना सासूबाईंनाही न्या. ताटवाटीचे तिथल्या समुपदेशकाच्या तोंडून ऐकू देत. मासिकातले त्यांना पटेलच असे नाही.