कच्च्या लिंबाला हसू नका



लपाछपी खेळताना आपण लहान भावंडांना कच्चं लिंबू करतो. त्यांच्यावर राज्य येत नाही. ती सापडली तरी खेळातच राहतात. पण मोठ्या माणसाला कोणी कच्चं लिंबू म्हटले तर काय होते? ते मी दिवाळीच्या सुट्टीत पाहिले, म्हणून हा लेख लिहीत आहे.

सुट्टीत आम्ही मामाच्या गावी गेलो होतो. माझा मामेभाऊ अकरावीत आहे. त्याला मी दादा म्हणतो. त्याच्या लॅपटॉपवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' हा गेम आहे. पर्शिया म्हणजे इराण. हा गेम फ्रान्समध्ये तयार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यात सारगॉन नावाचा तरुण योद्धा आहे. राजपुत्राला पळवून काफ नावाच्या डोंगरावर नेलेले असते. सारगॉन त्याला सोडवायला जातो. उड्या मारायच्या, भिंती चढायच्या, शत्रूचा वार नेमक्या वेळी अडवायचा. चित्रे तर फारच सुंदर आहेत.

नाव ऐकून बाबा ओसरीवरून उठून आले. म्हणाले, "अरे, हा तर आमचा गेम!" बाबा २००१ साली तालुक्याला कॉम्प्युटर क्लासला जायचे. तिथे याचा पहिला गेम होता. क्लास सुटला तरी पोरं त्याच्यासाठी थांबायची. मग दादाने तो जुना गेमही लावून दिला.

जुना गेम १९८९ सालचा आहे. तो अमेरिकेतल्या जॉर्डन मेकनर यांनी बनवला. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि ते बघून राजपुत्राची चित्रे काढली. म्हणून राजपुत्र खऱ्या माणसासारखा पळतो. संगीत त्यांच्या वडिलांनी दिले. म्हणजे सगळं घरच्या घरीच! पण नियम कडक आहे. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे. मेलो तर ती लेव्हल पहिल्यापासून, आणि गेलेली मिनिटे काही परत मिळत नाहीत.

माझ्या बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटे तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेली. हे गावात सर्वांना माहीत आहे. बाबांना विचारूनच मी इथे लिहिले आहे.

जुना गेम बाबा डाव्या हाताने सावकाश खेळले. त्यात एका ठिकाणी लोखंडी दात उघडतात आणि खाडकन मिटतात. मध्ये सापडला तर राजपुत्राचे दोन तुकडे. तिथे बाबा थोडा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "घाई करायची न्हाई. उघडलं की जायचं." आणि गेले.

नव्या गेममध्ये मात्र त्यांना जमेना. उडी मारून हवेतच दुसरे बटण दाबायचे असते. एकाच जागी बाबा दहा-बारा वेळा पडले. तेव्हा दादाने मदतीचे पान उघडले. या गेममध्ये ती सोय आहे. शत्रूचा मार कमी करता येतो. बटणे बदलून घेता येतात. उड्या फार अवघड असतील तिथे एक दार उघडते आणि आपल्याला पलीकडे सोडते. दादा हसून म्हणाला, "आतोबा, आता तुम्ही कच्चं लिंबू!"

सगळे हसले. बाबाही हसले. पण त्यांनी हातातले खाली ठेवले आणि परत ओसरीवर जाऊन बसले. मला ते अजिबात आवडले नाही.

दादाचे म्हणणे असे, की जुन्या गेममध्ये अशी मदत नव्हती, म्हणून जिंकण्यात मजा होती. मदत घेतली की तो रडीचा डाव. यात थोडे खरे आहे. मी सगळ्या मदती एकदम लावून बघितल्या, तर अर्ध्या तासात कंटाळा आला. शत्रूचं काही लागतच नव्हतं.

पण सगळे खरे नाही. जुन्या गेममध्ये राजपुत्राची सावली आरशातून बाहेर पडते. शेवटी तीच तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारले की आपलाच जीव कमी होतो. दादा तिथे दोन दिवस अडला होता. ओसरीवरून बाबा म्हणाले, "तलवार म्यान कर आणि तिच्या अंगावर चालत जा." दादाने केले आणि सावली त्याच्यात मिसळून गेली. मग ही मदत नव्हती का? तेव्हा दादाला कोणी कच्चं लिंबू म्हटले नाही.

म्हणून मला वाटते, नवा गेम करणाऱ्यांनी चांगले काम केले. ज्याला अवघड पाहिजे त्याने अवघड खेळावे. बाबांसाठी दार उघडले म्हणून दादाची उडी काही सोपी होत नाही. मग त्याचे काय गेले? जेवढे अडते तेवढीच मदत घ्यावी, बाकीचे आपण करावे.

हे मी दादाला सांगितले. तो काही बोलला नाही. पण भाऊबीजेच्या दिवशी तो ओसरीवर गेला आणि म्हणाला, "आतोबा, चला ना." बाबांनी फक्त ते उड्यांचे दार चालू ठेवले. लढाई स्वतः केली. बटणे दादाने त्यांच्या बोटांप्रमाणे लावून दिली.

आपल्या वर्गातही कोणी बोटांवर मोजून बेरीज करतो. कोणी पाढा म्हणताना मध्येच अडतो. आपण लगेच हसतो. मीही हसलो आहे. आता हसणार नाही. हसण्यापेक्षा पुढचा आकडा हळूच सांगावा, म्हणजे तो पुढचा पाढा स्वतः म्हणेल.

असे माझे मत आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी